पबचं काउंटर आणि काउन्सिलची खुर्ची : केरीचा जॅकी हीली-रे

कॉर्ककर (धागाकर्ता)

नगरसेवकांच्या धाग्यावर मी एक ओळ टाकली होती की आयर्लंडमधला काउन्सिलर बघायचा असेल तर ऑफिसात नाही, पबमधे जा. त्यावर दोघातिघांनी विचारलं म्हणजे काय. तिथे उत्तर लिहायला बसलो तर प्रतिसाद मारुतीच्या शेपटीसारखा वाढत गेला म्हणून हा वेगळा धागा.

तर जॅकी हीली-रे. जन्म मार्च १९३१, गाव किलगार्वन, जिल्हा केरी, म्हणजे आयर्लंडचा नैऋत्य कोपरा. डोंगर, पाऊस, मेंढ्या आणि एका घरापासून दुसरं घर अर्ध्या मैलावर. मूळ आडनाव नुसतं हीली, पण त्या भागात हीली पैशाला पासरी, म्हणून वाडीच्या नावातला 'रे' मागे चिकटला. आपल्याकडे एकाच आडनावाची पन्नास घरं असली की वरच्या आळीतले, खालच्या आळीतले करतात तसंच. छोटी शेती, सहा भावंडांत हा थोरला. तरुणपणी हर्लिंग (काठी-चेंडूचा आयरिश खेळ) खेळायचा, आणि हे केरीत जरा विचित्रच, कारण केरी म्हणजे फुटबॉलचं वेड असलेला जिल्हा (गेलिक फुटबॉल, आपलं ते नव्हे), त्यात किलगार्वन हे हर्लिंगचं बेट. १९५० च्या दशकात गावाने जिल्ह्याची स्पर्धा जिंकली त्या टीममधे हा होता.

पुढे शेती केली, खोदकामाची यंत्रं भाड्याने द्यायचा धंदा केला आणि १९६९ ला गावातच पब घेतला. आणि माझ्या मते सगळं राजकारण तिथून सुरू होतं, जरी अधिकृतपणे तो १९७३ ला केरी काउंटी काउन्सिलवर (म्हणजे तिथली जिल्हा परिषद) गेला तरी. तेही निवडणुकीने नाही, आधीचा मेंबर वारला म्हणून रिकाम्या जागेवर याला घेतलं, कारण तिथे काउन्सिलला पोटनिवडणूक नसतेच, पक्ष नाव देतो आणि काउन्सिल त्याला घेतं. मग १९७४ ला रीतसर निवडून आला आणि २००३ पर्यंत सलग तीस वर्षं हलला नाही.

आता पबच का? विचार करा, तेव्हा काउन्सिलरला पगार नव्हता. भत्ता मिळायचा, पण नियमित मानधन सुरू झालं ते थेट २००२ ला. मग दिवसाढवळ्या मीटिंगला जाणार कोण? ज्याच्या नोकरीवर साहेब नाही तो. म्हणजे शेतकरी, मास्तर, दुकानदार, जागांचा एजंट आणि पबवाला. त्यातही पबवाल्याला अख्खं गाव आपल्या पायाने भेटायला येतं. कोणाची म्हातारी आजारी आहे, कोणाचा पोरगा इंग्लंडला गेला, कोणाच्या गल्लीत पाणी तुंबतं, कोणाला घर बांधायची परवानगी नाकारली, हे सगळं एका पाइंटमधे (बिअरच्या मोठ्या ग्लासात) कळतं. वेगळा जनसंपर्क करायची गरज काय! आयर्लंडमधे पुढारी लोकांना भेटायला बसतो त्याला क्लिनिक म्हणतात, डॉक्टरसारखं. याचं क्लिनिक कायमच उघडं आणि वर पेशंटच्या बिलावर घर चालतं.

पक्ष म्हणाल तर फियाना फॉल, तिथला जुना मोठा पक्ष. जॅकी त्यांचा निवडणूक लढवून देणारा माणूस होता, देशभर पोटनिवडणुकांत याला बोलवायचे. पण स्वतःला तिकीट? १९९७ ला पार्लमेंटसाठी, म्हणजे डॉलसाठी, दक्षिण केरीतून मागितलं तर पक्षाने दिलं नाही. वय ६६. आपल्याकडे अशा वेळी माणूस एकतर रुसून बसतो नाहीतर बंडखोरी करून पडतो. हा अपक्ष उभा राहिला आणि निवडून आला. आणि मजा म्हणजे निकाल असे लागले की फियाना फॉलच्या बर्टी अहर्नना सरकार करायला तीनचार अपक्ष हवेच होते. ज्या पक्षाने तिकीट नाकारलं त्याच पक्षाचं सरकार याच्या आणि आणखी तिघांच्या (मिल्ड्रेड फॉक्स, हॅरी ब्लेनी, टॉम गिल्डी) पाठिंब्यावर पाच वर्षं चाललं. फुकट अर्थातच नाही. रस्ते, रस्ते आणि परत रस्ते.

डब्लिनच्या पेपरांनी भरपूर टिंगल केली. चौकड्याची टोपी, केरीचे हेल, बोलणं असं की डब्लिनकरालाही खाली लिहून द्यावं लागेल. पण एकदा त्याला विचारलं की तुम्ही सारखं साध्या माणसांबद्दल बोलता, ही साधी माणसं म्हणजे कोण? तर म्हणाला, जी दुपारी जेवतात ती. शहरात मुख्य जेवण संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर, आणि शेतात राबणाऱ्याचं भर दुपारी. एका वाक्यात मतदारसंघ आखून दिला गड्याने.

२००२ आणि २००७ ला परत निवडून आला. २०११ ला वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर थांबला, ती जागा मुलगा मायकेलने जिंकली. डिसेंबर २०१४ ला जॅकी गेला.

मला त्याचं सगळं पटतं असं नाही, त्याबद्दल खाली बोलूच. पण त्याला गावंढळ जोकर म्हणून सोडून देणाऱ्यांना तिथली सिस्टीम कळलेली नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

---

चहाबिस्कीट

मस्त धागा. दुपारी जेवणारी माणसं हे फारच आवडलं. आमच्या घरात अजून साडेअकराला ताट लागतं, म्हणजे आम्ही जॅकीचे पक्के मतदार.

---

शंकासूर

लेख चांगला आहे पण जरा जास्तच कौतुक होतंय का? पाठिंबा द्या आणि आपल्या तालुक्यात रस्ते न्या, याला आपण आपल्याकडे काय म्हणतो? तिथे टोपी घालून केलं की गोड वाटतं. बाकीच्या देशाचा पैसा एका कोपऱ्यात ओढला हे सरळ आहे की.

---

कॉर्ककर

शंकासूर, मुद्दा बरोबरच आहे आणि तिथेही हाच आरोप होतो, याला तिथे पॅरिश पंप राजकारण म्हणतात, म्हणजे गावच्या हापशापलीकडे न बघणारं. २०१० च्या डिसेंबरला तर कहर झाला, देश दिवाळखोरीच्या दारात, आयएमएफ आणि युरोपकडून कर्ज घेतलेलं, कापाकापीचं बजेट पास करायला सरकारला एकेक मत मोजावं लागत होतं आणि ते बजेट तरलं त्यात जॅकीचंही मत होतं. म्हणजे ज्या शेतकऱ्या-पेन्शनरांच्या जिवावर निवडून यायचा त्यांनाही ते बजेट लागलंच असणार. हे त्याच्या खात्यावर लिहावंच लागेल.

पण दुसरी बाजू अशी की आयर्लंड हा कमालीचा केंद्रित देश आहे. काउन्सिलच्या हातात पोलीस नाही, शाळा नाही, दवाखाना नाही, बस नाही, २०१४ पासून पाणीसुद्धा राष्ट्रीय कंपनीकडे गेलं. उरलं काय? रस्ते, घरं, बांधकाम परवानग्या, अग्निशमन, लायब्ररी. आणि त्यातही खरा कारभार काउंटी मॅनेजर करतो (आता त्याला चीफ एक्झिक्युटिव्ह म्हणतात), तो सरकारी अधिकारी, निवडून आलेला नाही. मग केरीच्या कोपऱ्यातल्या डोंगराळ वाडीला डांबर मिळणार कसं? एकतर मॅनेजरच्या मागे भुणभुण करून नाहीतर डब्लिनला कोणाचा तरी हात पिरगाळून. त्याने दोन्ही केलं.

---

नीलमोहर

आम्ही डब्लिनला अकरा-बारा वर्षं आहोत. आमच्या ऑफिसात हीली-रे म्हटलं की लोक हसतात आणि केरीचा एक कलीग आहे तो गप्प बसतो, मग लंच संपल्यावर हळूच म्हणतो माझ्या आईच्या घराचा रस्ता त्यांनीच केला. हे मी दोनदा तरी पाहिलंय.

अवांतर: हे आता फक्त जॅकीपुरतं राहिलेलं नाही. मायकेल आणि डॅनी दोघं मुलगे खासदार (टीडी), आणि पुढची पिढी काउन्सिलवर. धागाकर्त्याने त्याबद्दल लिहावं.

---

वाडीवरचा

घराणेशाही? म्हणजे तिथेही! ऐकून बरं वाटलं (हलके घ्या)

---

कॉर्ककर

हो, आता वंशावळ. २००३ ला आयर्लंडने कायदा केला की एकाच वेळी खासदार आणि काउन्सिलर राहता येणार नाही. त्याआधी सर्रास दोन्ही असायचे. जॅकीला काउन्सिलची जागा सोडावी लागली आणि रिकाम्या जागेवर आला मुलगा डॅनी. मायकेल आधीच, १९९९ ला काउन्सिलवर निवडून आला होता. तो २०११ ला डॉलमधे गेला. २०१४ ला डॅनीचा मुलगा जॉनी काउन्सिलवर. २०१६ ला केरीचे दोन मतदारसंघ एकत्र करून पाच जागांचा एकच मोठा झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं आता बघू, तर डॅनीने अगदी शेवटच्या घटकेला अर्ज भरला आणि दोघंही भाऊ निवडून आले. मायकेलला पहिल्या पसंतीची २०,३७८ मतं. तिथल्या मानाने हा आकडा प्रचंड आहे. २०१९ पर्यंत डॅनीची मुलगी मॉरा आणि मायकेलचा मुलगा (नाव आजोबांचंच, जॅकी) हेही काउन्सिलवर. आणि २०२५ च्या जानेवारीत मायकेल शेतकी खात्यात राज्यमंत्री झाला. पुन्हा तेच, सरकारला अपक्षांची गरज.

धंदे बघा: डॅनीकडे पब आणि यंत्रं भाड्याने देण्याचा व्यवसाय, शेती. मायकेलकडे गावातलं दुकान, पेट्रोलपंप, पोस्टाचं काम, शिवाय भाड्याने दिलेली बरीच घरं. म्हणजे किलगार्वनमधे तुम्ही दूध घेतलं, पेट्रोल भरलं, पत्र टाकलं किंवा एक पाइंट घेतला तरी तुम्ही आमदार-खासदाराच्याच दारात.

---

ताक_ताजं

यंत्रं भाड्याने देणारी कंपनी आणि काउन्सिलचे रस्ते... हं. मी काही बोलत नाही. आमच्या जिल्हा परिषदेत ठेकेदार आणि सदस्य यांच्यात फरक कळायचा तो एवढाच की सदस्याची गाडी धुतलेली असते.

---

कॉर्ककर

ताक, ते तिथेही पेपरात येतं. कुटुंबाच्या कंपनीला काउन्सिलकडून किती रकमेची कामं मिळाली याच्या बातम्या केरीचे आणि शेजारच्या कॉर्कचे पेपर नेमाने छापतात. पण बेकायदा काही नाही, कामं काउन्सिलच्या ठेकेदारांच्या यादीतून मिळतात आणि प्रत्येक काउन्सिलरला दरवर्षी आपले धंदे, जमिनी, शेअर लिहून द्यावे लागतात, ते रजिस्टर कोणीही बघू शकतं. खासदारांचं वेगळं रजिस्टर. मला वाटतं फरक इथे आहे: गोष्ट तीच, पण उघड्यावर. लोकांना माहिती आहे आणि तरी मत देतात. आता ते बरं की वाईट हे ज्याचं त्याने ठरवावं.

---

शंकासूर

उघड्यावर आहे म्हणून बरोबर होत नाही. दुकानदार काउन्सिलर झाला आणि बाजारपेठेतल्या पार्किंगच्या नियमावर मत द्यायची वेळ आली तर? पबवाला दारूच्या नियमांवर?

---

नीलमोहर

शंकासूर, तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत! २०१३ ची ती प्रसिद्ध भानगड. कोणी तरी लिहा, मी मोबाईलवर आहे.

---

कॉर्ककर

लिहितो. जरा मागे जाऊ. आयर्लंडमधे गाडी चालवताना रक्तात दारूची मर्यादा १०० मिलीला ८० मिलिग्रॅम होती, ऑक्टोबर २०११ ला ती ५० केली (नवशिक्या आणि धंद्याने गाडी चालवणाऱ्यांना २०). त्याआधी २००४ ला पबमधे सिगरेट बंद झालेली, त्यात मंदी. खेड्यातले पब धडाधड बंद पडत होते.

जानेवारी २०१३ ला डॅनी हीली-रेने केरी काउन्सिलमधे ठराव आणला: आडवाटेच्या गावांत राहणाऱ्यांना गार्डांनी (म्हणजे पोलिसांनी) परमिट द्यावं, की दोन-तीन पाइंट पिऊन आपल्या आपल्या कमी रहदारीच्या रस्त्याने हळूहळू घरी जाता येईल. आणि ठराव पास झाला! ५ विरुद्ध ३. सात जण तटस्थ आणि बाकीचे जागेवरच नव्हते. जगभर बातमी गेली. बाजूने मत देणाऱ्यांत पबशी संबंध असलेलेच जास्त अशी ओरड झाली. काउन्सिलला असा कायदा करायचा अधिकारच नव्हता, न्यायमंत्री ॲलन शॅटरनी ताबडतोब उडवून लावलं, विषय तिथेच संपला.

शंकासूर यांचा मुद्दा इथे शंभर टक्के लागू. पबवाल्याने पबच्या गिऱ्हाइकासाठी मागितलेली सवलत, दुसरं काय म्हणणार. अपघातात माणूस गमावलेल्या घरांनी याच्यावर तुटून पडणं साहजिकच होतं, आणि मी त्यांच्याच बाजूने आहे, आडवाटेच्या रस्त्यावर वळणावर समोरून कोण येतंय हे दिवसा शुद्धीत असताना कळत नाही, मी तिथे गाडी चालवलीय, दोन्ही बाजूला दगडी बांध आणि वर झुडपं, रस्त्याच्या मधोमध गवत उगवलेलं.

फक्त डॅनीचं म्हणणं काय होतं तेही ऐका. सत्तर वर्षांचा एकटा शेतकरी, लग्न नाही, आठवड्यातून दोनदा पबमधे जाऊन माणसं बघायचा, आता भीतीने घरीच बसतो, चार भिंती आणि टीव्ही, त्यातून नैराश्य आणि आत्महत्या. हा प्रश्न खरा होता. उत्तर साफ चुकीचं. बस सोडा ना संध्याकाळची, तर बस काउन्सिलच्या हातात नाही. फिरून फिरून भोपळे चौकात.

---

मालवणी खाजं

रच्याकने, आयर्लंडचा विषय आणि वराड गाव अजून कसं आलं नाही? लिओ वराडकर! वडील डॉक्टर अशोक वराडकर आमच्या मालवण तालुक्यातल्या वराडचे. पंतप्रधान असताना २०१९ च्या डिसेंबरला लिओ कुटुंबासकट गावी आला होता तेव्हाची गर्दी आणि कौतुक विचारू नका.

---

कॉर्ककर

खाजं, आणायचंच होतं, कारण वराडकर आणि हीली-रे एका धाग्याने जोडलेले आहेत. २००३ चा तोच कायदा आठवा, दोन पदं एकत्र नकोत. किलगार्वनला जॅकीची जागा रिकामी झाली तिथे डॅनी आला. आणि डब्लिनजवळ फिंगल काउन्सिलवर शीला टेरींची जागा रिकामी झाली तिथे आला लिओ वराडकर! त्याआधी १९९९ ला विशीत मेडिकलला असताना उभा राहून पडला होता. २००३ ला न निवडून येता काउन्सिलर झाला आणि २००४ ला निवडणुकीत ४,८९४ पहिल्या पसंतीची मतं घेऊन देशात सर्वाधिक. २००७ ला खासदार, २०१७ ला पंतप्रधान.

म्हणजे एकाच दरवाजाने दोघे आत आले. एक वडिलांच्या जागेवर पबमधून, दुसऱ्याच्या मागे आयरिश राजकारणात कोणी नाही, बाप कोकणातला. रिकाम्या जागेवर माणूस घेणं म्हणजे घराणेशाहीच, असं म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो.

---

मालवणी खाजं

हे माहीत नव्हतं. वराडला सांगायला पाहिजे.

---

गणितबंडू

मला एक कळलं नाही. पहिल्या पसंतीची मतं म्हणजे? आणि २०,३७८ ही 'प्रचंड' कशी, आमच्या प्रभागात नगरसेवकाला एवढी पडतात. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

नीलमोहर

आता लॅपटॉपवर आहे तर मी टाकते. मतपत्रिकेवर शिक्का नसतो, आकडे लिहायचे. आवडता १, नंतरचा २, मग ३, जिथवर वाटेल तिथवर. एका मतदारसंघातून तीन, चार, पाच जण निवडून येतात. निवडून यायला कोटा लागतो: एकूण वैध मतं भागिले (जागा अधिक एक), त्यात एक मिळवा. पाच जागा असतील तर साधारण सहावा हिस्सा. कोणाला कोट्याहून जास्त पडली तर वरची मतं वाया जात नाहीत, पुढच्या पसंतीकडे जातात. जो तळाला असतो तो बाद, त्याचीही मतं पुढे वाटली जातात. असं फेरीमागून फेरी, कधीकधी तीन तीन दिवस.

२०१६ ला मायकेलला कोट्याच्या साधारण दीडपट मतं पहिल्याच फेरीत पडली. मग उरलेली कुठे गेली? भावाकडे. सगळी नाही, पण पुरेशी.

म्हणूनच तिथे पुढारी शत्रूच्या दारातही जातो. "तुमचं एक नंबर त्यांना आहे मला माहितीये, पण दोन नंबर माझा ठेवा" असं हसत सांगतो. मला सुरुवातीला हे फार मजेशीर वाटायचं. आणि दुसरं, एकाच पक्षाचे दोन उमेदवार एकाच मतदारसंघात असतात, धोरण दोघांचं एकच, मग मतदार निवडणार कशावरून? कोणी फोन उचलला, कोण मयताला आला, कोणी दिवा लावून दिला यावरून. पॅरिश पंप काय फक्त केरीच्या पाण्यात नाही, तो या पद्धतीतच आहे.

२०२४ च्या स्थानिक निवडणुकीत एका ओळखीच्या उमेदवाराच्या पासवर मतमोजणी बघायला गेले होते. मोठा हॉल, मधे टेबलं, भोवती लोखंडी कठडे. कर्मचारी पेटी टेबलावर उलटी करतात आणि एकेक मतपत्रिका उलगडून सरळ करून ठेवतात. कठड्याच्या बाहेर सगळ्या पक्षांची माणसं ओणवी होऊन उभी, हातात पॅड, पेन्सिल, प्रत्येक मतपत्रिका दिसली की रेघ, चार रेघा आणि पाचवी आडवी. टॅलीमन म्हणतात त्यांना. अधिकृत मोजणी सुरू व्हायच्या आधीच यांना माहीत असतं कुठल्या शाळेच्या पेटीत कोणाला किती. आणि गंमत म्हणजे एकमेकांचे कट्टर विरोधक, पण आकडे जुळवून बघतात, तू ती पेटी बघ मी ही बघतो. एक म्हातारे आजोबा होते, ते नुसते पेटीचा नंबर ऐकून सांगत होते की ही अमुक चर्चमागची वस्ती, इथे त्याला काही नाही.

---

गणितबंडू

जबरदस्त समजावलंत नीलमोहरताई. वाचनखूण साठवली.

---

चहाबिस्कीट

त्या आजोबांना आपल्या एक्झिट पोलवाल्यांकडे पाठवा.

---

वाडीवरचा

मला रस्त्यांबद्दल विचारायचंय. आमच्या वाडीचा रस्ता खाजगी जमिनीतून जातो म्हणून जिल्हा परिषद करत नाही, ग्रामपंचायत म्हणते आमच्या यादीत नाही. तिथे अशा रस्त्याचं काय करतात?

---

कॉर्ककर

उत्तम प्रश्न, आणि हीली-रे लोकांचं अर्धं राजकारण याच प्रश्नावर आहे. तिथे एक लोकल इम्प्रूव्हमेंट स्कीम आहे. काउन्सिलच्या ताब्यात नसलेले पण चारपाच घरांना किंवा शेतांना जाणारे रस्ते या योजनेतून डांबरी करतात. बहुतेक पैसा सरकारचा आणि थोडा वाटा त्या रस्त्यावरच्या लोकांनी गोळा करायचा, घरं कमी असतील तर १० टक्के, जास्त असतील तर १५. मंदीत योजनेचे वेगळे पैसे आटले, २०१७ ला परत सुरू झाले. यादी प्रचंड लांब, नंबर लागायला वर्षं जातात. मग तुमचा अर्ज कुठे अडकलाय, कोणत्या शेजाऱ्याने सही दिली नाही, त्याला कोण समजावेल, हे बघणारा माणूस लागतो. शेजारी सही देत नाही कारण तीस वर्षांपूर्वी बांधावरून भांडण झालेलं, ते भांडण पबवाल्याला पहिल्यापासून माहीत. काउन्सिलच्या इंजिनियरला कुठून माहीत असणार?

हेच मला पबच्या काउंटरबद्दल म्हणायचं होतं. माहिती तिथे फुकट येते.

---

शंकासूर

हे पटलं. म्हणजे माझा आक्षेप कायम आहे, पण आता तो माणसावर कमी आणि व्यवस्थेवर जास्त आहे. एक सांगा, पब नसलेल्या साध्या नोकरदाराला आज काउन्सिलर होता येतं का? की अजूनही धंदेवाल्यांचंच राज्य?

---

कॉर्ककर

होता येतं, पण ओढाताण असते. २०२१ ला मानधन वाढवून वर्षाला २५ हजार युरोच्या थोडं वर नेलं, नंतर आणखी वाढलं. डब्लिनच्या भाड्यात एवढ्यावर एकटा माणूसही राहू शकत नाही. त्यात मीटिंगा दिवसा, फोन रात्री अकराला. मग निवृत्त मास्तर, शेतकरी, धंदेवाले आणि पक्षाचे पगारी कार्यकर्ते जास्त दिसतात. २०१४ ला मोठी फेररचना केली, ८० टाउन काउन्सिलं मोडीत काढली, देशभरातले काउन्सिलर १,६२७ वरून ९४९ वर आणले. नगरपालिकाच गेल्या समजा. छोट्या गावातला दुकानदार जो चालत जाऊन टाउन काउन्सिलच्या मीटिंगला बसायचा त्याची जागाच गेली, आता जिल्ह्याच्या ठिकाणी तास-दीड तास गाडी हाणा. दुकान कोण बघणार? बायको किंवा मुलगी. आणि मग एक दिवस तीच उभी राहते, कारण गिऱ्हाइकं तिलाच ओळखतात.

---

ताक_ताजं

आमच्याकडे सरपंचबाई उभ्या राहतात आणि दुकान आणि सरपंचपद दोन्ही नवरा बघतो. तुमच्याकडचं निदान उलटं आहे.

---

किरकिरी_किट्टी

तो जॅकीचा मुलगा टीव्हीवरच्या कुठल्या तरी स्पर्धेत जिंकला होता आणि फोन कॉल्सची भानगड होती ना? की मी दुसऱ्या कोणाचं वाचलंय?

---

नीलमोहर

बरोबर वाचलंय. मायकेल, २००७ चा सेलिब्रिटी शो, प्रेक्षकांच्या फोनमतांवर निकाल. तो जिंकला. २०११ ला बाहेर आलं की पार्लमेंटच्या इमारतीतल्या एका फोनवरून त्या नंबरला साडेतीन हजारांवर कॉल झाले होते, बिल २,६०० युरोच्या आसपास, जनतेच्या पैशातून. त्याने मला काही माहीत नाही म्हटलं आणि पैसे भरून टाकले. त्यानंतरची निवडणूक म्हणजे २०१६, वर आकडा आहेच.

---

शंकासूर

हेच! हेच मला छळतं!

---

शिळोप्याचा_गडी

आम्ही पुढच्या वर्षी आयर्लंडला जातोय, रिंग ऑफ केरी (केरीला वळसा घालणारा पर्यटकांचा रस्ता) करणार. वाटेत किलगार्वन लागतं का? आणि तिथे राहणाऱ्या आपल्या लोकांना मत देता येतं का काउन्सिलला? भाचा गेल्या वर्षी कॉर्कला जॉबला गेलाय, तो म्हणतो आम्हाला कोण विचारतंय.

---

कॉर्ककर

रिंगच्या वाटेवर नाही. केनमेअरपर्यंत रिंग आहे, तिथून रिंग सोडून कॉर्कच्या दिशेला आत वळायचं, रफ्टी नदीच्या काठाने साधारण १० किलोमीटर. टूरबसा तिकडे जात नाहीत, स्वतःची गाडी लागेल. गाव म्हणजे एक रस्ता, दोन्ही बाजूला दुकानं-घरं, पाच मिनिटांत संपतं.

भाच्याला सांगा विचारतात. डॉलच्या निवडणुकीला आयरिश (आणि ब्रिटिश) नागरिकत्व लागतं, पण काउन्सिलला नाही. १८ पूर्ण आणि तिथे राहत असला की पासपोर्ट कुठलाही असो, मतदार यादीत नाव घालता येतं, उभंही राहता येतं. ऑनलाइन अर्ज आहे, पीपीएस नंबर (तिथला सरकारी ओळख क्रमांक) तयार ठेवायचा. आपले बरेच लोक वर्षानुवर्षं राहून हे करत नाहीत आणि मग फुटपाथ नाही म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर रडतात. मागची निवडणूक जून २०२४ ला झाली, पाच वर्षांनी असते, म्हणजे २०२९. अर्ज आत्ताच करून ठेवायला हरकत नाही.

---

शिळोप्याचा_गडी

कळवतो त्याला. घर बदलतोय म्हणाला पुढच्या महिन्यात, मग नवीन पत्त्यावर करायचा का?

---

नीलमोहर

आधी घर बदलू दे, मग नवीन पत्त्यावर. नाहीतर दोन काउन्सिलरांची पत्रकं येत राहतील.